वैऱ्याला दिलेला हात

आप्तेष्टांवर प्रेम करावे, उपकारकर्त्याचे स्मरण ठेवावे, शेजाऱ्याशी सलोख्याने राहावे, हे सांगताना कोणत्याही धर्मसंस्थापकाला फारसे श्रम पडत नाहीत. कारण मनुष्याचा स्वार्थ आणि त्याची सहजप्रवृत्ती ही दोन्ही त्या उपदेशाच्या बाजूला आधीच उभी असतात. परंतु ज्याने आपले घर जाळले, आपली मुले मारली, किंवा जो या क्षणी आपल्याला पकडण्यासाठी पाठीमागे धावत आहे, त्याचेही हित चिंतावे, त्याच्यासाठी प्रार्थना करावी आणि तो संकटात सापडला तर त्याच्या साहाय्यास धावून जावे, असे जेव्हा कोणी सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्याचे मन प्रथम दचकते, मग शंका घेते आणि शेवटी त्या वचनाला सुंदर पण अव्यवहार्य ठरवून, देव्हाऱ्यात बसवून मोकळे होते. येशू ख्रिस्ताने दिलेल्या शत्रुप्रेमाच्या आज्ञेचे जगाने, आणि जगातील ख्रिस्ती राष्ट्रांनीही, बहुतांशी हेच केले आहे. तरीसुद्धा या आज्ञेला प्रत्यक्ष आचरणाचा विषय मानून तिच्यासाठी प्राण वेचणारी माणसे वेळोवेळी निघाली. आणि त्यांची चरित्रे बारकाईने पाहिली म्हणजे ध्यानात येते की, ज्याला आपण अलौकिक भावना समजतो ती त्यांच्या दृष्टीने प्रथमतः एक कृती होती, आणि ती कृती ऐन वेळी हातून घडावी म्हणून लागणारा अभ्यास त्यांनी शांततेच्या दिवसांत केलेला होता.

हा उपदेश ज्या भूमीत प्रथम केला गेला ती भूमी सुरक्षित आणि सुखवस्तू होती असा समज कोणी करून घेऊ नये. गालील प्रांत रोमच्या अंकित राजाच्या अमलाखाली होता. इसवी सनापूर्वी ४ मध्ये हेरोद राजा मरण पावला आणि देशभर बंडाळी माजली, तेव्हा सिरियाचा रोमन सुभेदार वारुस याच्या फौजेने नासरेथपासून अवघ्या सहा-एक किलोमीटरांवर असलेले सेप्फोरिस शहर जाळले, तेथील रहिवाशांना गुलाम केले आणि सुमारे दोन हजार बंडखोरांना क्रुसावर खिळले, असे यहुदी इतिहासकार जोसेफस नमूद करतो. ज्या पिढीने आपल्या लहानपणी ही कथा वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली होती, त्याच पिढीपुढे येशूने डोंगरावरील प्रवचन केले. तेव्हा ‘शत्रू’ हा शब्द त्या श्रोत्यांच्या कानी पडला तो कोशातला शब्द म्हणून खास नव्हे. त्या शब्दाला चेहरा होता, शिरस्त्राण होते आणि हातात भाला होता.

त्या प्रवचनातील दोन मैलांचा दाखला या पार्श्वभूमीवर पाहावा. रस्त्याने चाललेल्या कोणाही माणसाला वेठीस धरून आपले ओझे वाहायला लावण्याचा अधिकार रोमन शिपाई गाजवीत असत, आणि वेठबिगारीचा जाच ज्या समाजाने सोसला आहे त्याला त्यातली मानहानी वेगळी सांगावी लागत नाही. येशू सांगतो की, तुला एक मैल वेठीस धरले तर तू आपण होऊन आणखी एक मैल जा. पहिला मैल शिपायाच्या सत्तेचा असतो; त्यावर चालणारा मनुष्य हा केवळ राबवला जाणारा देह असतो. दुसऱ्या मैलावर मात्र सत्तेचा हुकूम संपलेला असतो आणि ओझे वाहणारा मनुष्य आपल्या इच्छेचा धनी म्हणून, बरोबरीच्या नात्याने, त्या शिपायाच्या शेजारून चालू लागतो. शत्रूपुढे नांगी टाकणे आणि शत्रूवर प्रेम करणे यांतील सारा फरक या दुसऱ्या मैलात आहे. भ्यालेला मनुष्य पहिला मैल कसाबसा संपवून पळ काढतो. सूड घेऊ पाहणारा तो मैल मनात मोजून ठेवतो. आणि प्रेम करणारा, अपमानाची साखळी तोडून, त्या परक्या मुलखात आलेल्या शिपायातला मनुष्य शोधू लागतो.

परकी फौज हा दूरचा शत्रू झाला. जवळचा शत्रू शोमरोनी होता. यहुदी आणि शोमरोनी हे एकाच परंपरेतून फुटलेले दोन समाज, आणि म्हणूनच त्यांचे वैर भाऊबंदकीच्या वैरासारखे जिव्हारी लागणारे होते. एका शोमरोनी गावाने येशूला उतरायला जागा नाकारली तेव्हा आकाशातून अग्नी पाडून ते गाव भस्म करावे काय, असे त्याच्या दोघा शिष्यांनी त्याला विचारले आणि त्याने त्यांना धमकावले, ही हकिगत लूकच्या शुभवर्तमानात आहे. आणि लगेच पुढच्या अध्यायात यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या वाटेवर लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या प्रवाशाची कथा येते. याजक बाजूने निघून जातो, मंदिराचा सेवक असलेला लेवी निघून जातो, आणि थांबतो तो शोमरोनी. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, तेथील मालकाला दोन दिवसांच्या मजुरीइतके पैसे देतो आणि अधिक खर्च झाल्यास परतताना भरून देण्याचे कबूल करतो. या कथेत शोमरोन्याच्या मनात कळवळा दाटला एवढे एकदाच सांगितले आहे; बाकी सारा तपशील कामाचा, खर्चाचा आणि दगदगीचा आहे. प्रेम म्हणजे काय, या प्रश्नाला येशूने दिलेले उत्तर असे हिशेबी चोखपणाचे आहे, आणि पुढे स्वतः क्रुसावर असताना खिळे ठोकणाऱ्यांसाठी क्षमा मागून त्याने त्या उत्तरावर आपल्या रक्ताची मोहर उठवली.

पहिल्या तीन शतकांतील ख्रिस्ती मंडळीने ही शिकवण पुष्कळच गंभीरपणे घेतली होती. २९५ साली, आजच्या अल्जेरियात मोडणाऱ्या तेबेस्सा येथे, माक्सिमिलियान नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने सैन्यात भरती होण्यास नकार दिला आणि त्यापायी त्याचा शिरच्छेद झाला. पण ३१३ साली सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात या धर्माला राजमान्यता मिळाली, ३८० साली तो साम्राज्याचा अधिकृत धर्म झाला, आणि ज्यांचा छळ होत होता त्यांच्या हाती राज्यशकट आला. राज्य चालवणाऱ्याला सरहद्दी राखाव्या लागतात, चोर धरावे लागतात, बंडे मोडावी लागतात. या पेचातून वाट काढताना संत ऑगस्टीनसारख्या थोर विचारवंताने न्याय्य युद्धाची कल्पना मांडली. शस्त्र उचलावेच लागले तर ते दुःखाने, द्वेषरहित अंतःकरणाने उचलावे, अशी त्याची धारणा होती. परंतु अपवाद म्हणून उघडलेल्या दारातून पुढे फौजाच्या फौजा आत शिरल्या. १०९९ साली धर्मयोद्ध्यांनी यरुशलेम जिंकले तेव्हा ज्या नगराबाहेर येशूने मारेकऱ्यांना क्षमा केली होती त्याच नगरात क्रुसाचे चिन्ह मिरवणाऱ्यांनी मुसलमान आणि यहुदी रहिवाशांची सरसकट कत्तल केली. शत्रुप्रेमाविषयी लिहिणाऱ्याने हा इतिहास झाकून ठेवला तर त्याच्या बाकीच्या शब्दांवर कोणी विश्वास ठेवू नये.

सोळाव्या शतकात धर्मसुधारणेचे वारे वाहू लागले तेव्हा या विसरलेल्या आज्ञेकडे पुन्हा वळणारा एक लहानसा पंथ उदयास आला. २१ जानेवारी १५२५ रोजी स्वित्झर्लंडमधील झ्युरिक शहरात काही तरुणांनी एका घरात जमून एकमेकांना नव्याने बाप्तिस्मा दिला. तान्ह्या बालकाला दिलेला बाप्तिस्मा हा खरा बाप्तिस्मा नव्हे, समजून उमजून श्रद्धा स्वीकारणाऱ्या प्रौढालाच तो देता येतो, असे त्यांचे म्हणणे. विरोधकांनी त्यांना ‘ॲनाबॅप्टिस्ट’ म्हणजे पुन्हा बाप्तिस्मा घेणारे असे नाव दिले. आज हा वाद कोणाला किरकोळ वाटेल. पण त्या काळी जन्मणारे प्रत्येक मूल चर्चच्या आणि पर्यायाने राज्याच्या दप्तरात दाखल होत असे, आणि ते नाकारणे म्हणजे राजद्रोहच होता. झ्युरिकच्या नगरसभेने फेलिक्स मान्झ या त्यांच्या पुढाऱ्याला ५ जानेवारी १५२७ रोजी लिम्मात नदीत बुडवून मारले. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या दोन्ही सत्ता अन्य बाबतींत एकमेकींच्या जिवावर उठलेल्या असताना या पंथाला नेस्तनाबूत करण्यात मात्र एकमताने वागल्या.

या पंथाच्याही अंगाला रक्ताचा डाग लागला आहे. १५३४ साली जर्मनीतील म्युन्स्टर शहर ताब्यात घेऊन त्यातील एका उग्र गटाने तेथे तलवारीच्या जोरावर देवाचे राज्य स्थापण्याचा घाट घातला, आणि दीड वर्षाच्या आत वेढा पडून सारे रक्तात बुडाले. म्होरक्यांची प्रेते ज्या लोखंडी पिंजऱ्यांत टांगली होती ते पिंजरे तेथील चर्चच्या मनोऱ्यावर अद्याप लोंबत आहेत. या अनर्थानंतर, १५३६ साली, फ्रीसलंडमधील मेन्नो सिमन्स नावाच्या धर्मगुरूने आपली वृत्ती सोडून विखुरलेल्या, भेदरलेल्या लोकांचे पुढारीपण पत्करले आणि शस्त्रत्याग हा त्यांच्या श्रद्धेचा कायमचा पाया केला. त्याच्या नावावरून ते मेनोनाइट म्हणून ओळखले जाऊ लागले.

या पार्श्वभूमीवर नेदरलंड्समधील आस्पेरेन या लहानशा गावी १५६९ साली घडलेली घटना समजून घ्यावयाची आहे. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याचा तेथे अंमल होता आणि त्याचा सेनापती आल्बाचा ड्यूक पाखंड्यांचा निःपात करीत होता. डिर्क विलेम्स नावाच्या गृहस्थाने तरुणपणीच पुन्हा बाप्तिस्मा घेतला होता, स्वतःच्या घरी गुप्त प्रार्थनासभा भरवल्या होत्या आणि तेथे इतरांना बाप्तिस्मा घेऊ दिला होता, एवढाच त्याचा गुन्हा. त्याला गढीत कैद करून ठेवले. कापडाच्या चिंध्यांना गाठी मारून त्याने दोर केला, खिडकीतून तो खाली उतरला आणि गोठलेल्या पाण्यावरून पळत सुटला. हिवाळा सरत आला असावा, कारण बर्फ पातळ झाले होते. पळणारा कैदी पैलतीरी पोहोचला. पाठलाग करणारा शिपाई मात्र मध्येच बर्फ फुटून पाण्यात गेला.

येथे क्षणभर थांबून त्या माणसाच्या मनःस्थितीचा विचार करावा. मागे पाण्यात गटांगळ्या खाणारा शत्रू आहे, पुढे मोकळी वाट आहे. त्याने शिपायाला ढकललेले नाही, त्याच्या मृत्यूची इच्छाही केलेली नाही. बर्फ निसर्गनियमाने फुटले आहे. देवाने आपली सुटका केली असे मानून, गुडघे टेकून त्याचे आभार मानत तो पुढे गेला असता, तर कोणत्याही न्यायालयाने, कोणत्याही स्मृतिकाराने त्याला दोष दिला नसता. डिर्क मागे फिरला. त्या फुटणाऱ्या बर्फावर परत येऊन त्याने दोन्ही हात पुढे केले आणि बुडणाऱ्या माणसाला ओढून काढले. जीव वाचलेल्या शिपायाला त्याला सोडून द्यावेसे वाटू लागले. पण काठावर उभ्या असलेल्या नगराध्यक्षाने घेतलेल्या शपथेची त्याला आठवण करून दिली, आणि ज्या हातांना धरून तो वर आला होता तेच हात त्याने बांधले.

१६ मे १५६९ रोजी डिर्कला जिवंत जाळण्याची आणि त्याची मालमत्ता राजाच्या नावे जप्त करण्याची शिक्षा फर्मावली गेली. गावाबाहेर चिता रचली. त्या दिवशी पूर्वेचा वारा इतका जोरात वाहत होता की, ज्वाळा त्याच्या देहाच्या वरच्या भागापासून दूर ढकलल्या जात होत्या आणि मरण लवकर येईना. त्याने देवाला घातलेली साद शेजारच्या लेर्दाम गावात सत्तरांहून अधिक वेळा ऐकू आली. घोड्यावर बसून देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यालाच अखेर ते पाहवेना. त्याने तोंड फिरवले आणि या माणसाचा लवकर शेवट कर असे जल्लादाला सांगितले. दयेने दयाळूला वाचवले नाही. शत्रूवर प्रेम केले की शत्रू विरघळतो आणि सर्व गोड होते, असे सांगणाऱ्या भाबड्या बोधकथांना आस्पेरेनचा हा दाखला सरळ छेद देतो. शिपाई विरघळला होता हे खरे. परंतु एका माणसाचे मन पालटले तरी त्याच्या मागे उभी असलेली व्यवस्था पालटत नाही, हेही तितकेच खरे.

मग डिर्कने काय मिळवले? या प्रश्नाचे उत्तर त्याच्या एकट्याच्या आयुष्यात शोधून सापडणार नाही. १६६० साली टीलेमान वान ब्राख्त या डच मेनोनाइट धर्मोपदेशकाने अशा हुतात्म्यांच्या हकिगती, कोर्टाचे निवाडे आणि तुरुंगातून लिहिलेली पत्रे एकत्र करून ‘हुतात्म्यांचा आरसा’ हा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. १६८५ च्या आवृत्तीसाठी यान लाउकेन या चित्रकाराने शंभरावर ताम्रपट कोरले, आणि त्यांत डिर्क ओणवा होऊन शत्रूकडे हात पसरतो ते चित्र सर्वांत प्रसिद्ध झाले. हा पंथ छळामुळे देशोधडीला लागत अमेरिकेत पेनसिल्व्हानियात पोहोचला. युद्धाची चिन्हे दिसू लागली तेव्हा आपली तरुण मुले शस्त्रांच्या मोहात पडू नयेत या काळजीने तेथील मेनोनाइटांनी या ग्रंथाचे जर्मन भाषांतर करवून घेतले, आणि १७४८-४९ साली लँकेस्टर परगण्यातील एफ्राटा येथे तो दीड हजार पृष्ठांचा ग्रंथ छापला गेला. पुढे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात त्याचे न बांधलेले, न विकलेले गठ्ठे सैनिकांनी काडतुसांसाठी कागद हवा म्हणून उचलून नेले. परंतु जे ग्रंथ घराघरांत होते ते राहिले, आणि आजही त्या समाजातील पुष्कळ कुटुंबांत ते आढळतात.

याच लँकेस्टर परगण्यात, याच परंपरेतून १६९३ साली वेगळ्या झालेल्या आमिश शाखेचे लोक घोडागाड्यांतून फिरत, विजेच्या तारा घरात न घेता, शेती करून राहतात. तेथील निकल माइन्स वस्तीतल्या एकखोली शाळेत २ ऑक्टोबर २००६ रोजी सकाळी एक बंदूकधारी शिरला. तो परका नव्हता. परिसरातल्या आमिश गोठ्यांमधून दूध गोळा करणाऱ्या टँकरचा तो चालक होता. मुलग्यांना बाहेर घालवून त्याने सहा ते तेरा वर्षांच्या दहा मुलींवर गोळ्या झाडल्या आणि स्वतःलाही संपवले. पाच मुली दगावल्या. त्याच दिवशी, मुलींचे देह अजून घरी आलेले नसताना, काही आमिश शेजारी मारेकऱ्याच्या पत्नीकडे आणि आईवडिलांकडे गेले आणि आमच्या मनात तुमच्याविषयी किल्मिष नाही असे सांगून आले. काही दिवसांनी मारेकऱ्याचे दफन झाले तेव्हा जमलेल्यांपैकी निम्मे लोक आमिश होते. त्यांत आपल्या मुलीला नुकतेच पुरून आलेले आईबापही होते. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार दुरून भिंगे रोखून होते, म्हणून रुंद काठाच्या टोप्या घातलेले ते पुरुष आणि त्यांच्या स्त्रिया त्या विधवेच्या आणि छायाचित्रकारांच्या मध्ये अर्धवर्तुळ करून उभ्या राहिल्या. जगभरातून आलेल्या मदतीचा काही हिस्सा त्यांनी मारेकऱ्याच्या कुटुंबालाही दिला.

हे इतक्या तातडीने कसे घडले, याचे जगाला नवल वाटले. कित्येकांना त्यात कोरडेपणाही दिसला. पण ज्यांनी या समाजाचा अभ्यास केला त्यांनी दाखवून दिले की, ही क्षमा त्या दिवशी ठरवलेली नव्हती. प्रभूची प्रार्थना, आणि तीत येणारी, आम्ही जशी क्षमा करतो तशी आम्हाला क्षमा मिळो अशा आशयाची मागणी, हे लोक दिवसातून अनेकदा करतात. वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, त्यांचा प्रभुभोजनाचा विधी होतो. त्यापूर्वी बैठक भरते, आणि ज्यांच्यात कुरबुर असेल त्यांनी ती मिटवल्याखेरीज विधी पार पडत नाही. लहानपणापासून डिर्कची गोष्ट कानांवर पडते. रियाज केलेल्या गळ्यातून मैफलीच्या वेळी सूर जसा विचार करावा न लागता उमटतो, तशी ही कृती त्यांच्या हातून उमटली. अंतःकरण मागाहून आले, आणि तेही सावकाश: क्षमा एकदा करून संपत नाही, राग रोज उफाळतो आणि ती रोज नव्याने करावी लागते, असे त्या पालकांनी उघडपणे सांगितले. मारेकऱ्याची आई पुढे कित्येक वर्षे दर आठवड्याला त्या घरांपैकी एका घरी जात असे आणि गोळीने कायमची पंगू झालेल्या मुलीची शुश्रूषा करीत असे. त्या घराने तिला दार उघडले, आणि ते उघडणे त्या घराला सोपे गेले असेल असे समजण्याचे काही कारण नाही.

आता या शिकवणीविषयीचे दोन आक्षेप तपासले पाहिजेत, कारण ते दोन्ही खरे आणि वजनदार आहेत. पहिला असा की, क्षमेने न्याय बुडतो. याचे उत्तर आपल्याच देशात मिळते. कुष्ठरोग्यांची सेवा करणारे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांचे दहा व सहा वर्षांचे दोन मुलगे यांना जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातील मनोहरपूर येथे गाडीत झोपलेले असताना जमावाने जाळून मारले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले आणि त्या लगेच देश सोडून न जाता पुढे काही वर्षे बारीपदा येथील कुष्ठसेवा चालवीत राहिल्या. २००५ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. खटला मात्र चालला, शिक्षा झाल्या, आणि मुख्य आरोपीची जन्मठेप २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. क्षमा ही दुखावलेल्या माणसाने आपल्या सूडाच्या हक्कावर सोडलेले पाणी आहे. समाजाच्या रक्षणाचा जो हक्क आहे त्यावर पाणी सोडण्याचा अधिकार त्या व्यक्तीला नाही, आणि ग्लॅडिसबाईंनी तो गाजवलाही नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. क्षमेचा उपदेश बलवानाच्या तोंडी गेला की तो दुर्बलाच्या पायांतली बेडी होतो. नवऱ्याचा मार खाणाऱ्या स्त्रीला, पिढ्यान्‌पिढ्या तुडवल्या गेलेल्या जातीला, वरच्याने ‘क्षमा कर’ असे सांगणे हे धर्माचे विडंबन आहे. आमिश समाजातही घरच्याच माणसांनी अत्याचार केलेल्या मुलींवर लवकर क्षमा करण्याचे दडपण आणून प्रकरण दडपल्याच्या घटना उजेडात आल्या आहेत, आणि ज्या परंपरेचे कौतुक करावयाचे तिचा हा दोषही तितक्याच स्पष्टपणे सांगणे प्राप्त आहे. डिर्कला मागे फिर असे काठावरून कोणी ओरडून सांगितले नव्हते. शत्रुप्रेमाची आज्ञा मनुष्याने स्वतःला द्यावयाची असते. दुसऱ्याला दिली की ती जुलूम होते. आणि सत्य बोलल्याशिवाय, गुन्ह्याला गुन्हा म्हटल्याशिवाय केलेली क्षमा ही क्षमा नसून विस्मरण आहे.

सत्य आणि दया यांची सांगड घालण्याचा एक मार्ग याच परंपरेने अलीकडे दाखवला. १९७४ साली कॅनडातील एल्मायरा या गावी दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्री बावीस ठिकाणी मोडतोड केली. मेनोनाइट पंथातील एका प्रोबेशन अधिकाऱ्याने न्यायाधीशांपुढे सूचना ठेवली की, या मुलांना केवळ तुरुंगात न धाडता ज्यांचे नुकसान झाले त्यांच्या दारोदार न्यावे. न्यायाधीशांनी ते मान्य केले. मुले एकेका दारात उभी राहिली, आपण केलेले कृत्य त्यांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केले, समोरच्या माणसाचा संताप आणि भीती ऐकून घेतली आणि काही महिन्यांत नुकसान भरून दिले. त्या प्रयोगातून उभी राहिलेली न्यायपद्धती आज अनेक देशांच्या कायद्यांत शिरली आहे. शोमरोन्याने उतारशाळेच्या मालकाशी जो हिशेब केला त्याच वळणाचा हा हिशेब आहे: जखम कोणाची, खर्च किती, आणि भरून कोणी द्यावयाचा.

या लहान पंथांचे ऋण टॉल्स्टॉयने १८९४ साली प्रसिद्ध झालेल्या, देवाचे राज्य मनुष्याच्या अंतरात असल्याचे प्रतिपादणाऱ्या आपल्या ग्रंथात मान्य केले. तो ग्रंथ दक्षिण आफ्रिकेत तरुण गांधींच्या हाती पडला आणि डोंगरावरील प्रवचनाने आधीच हललेल्या त्यांच्या मनावर त्याचा खोल ठसा उमटला. आणि त्यांचेच अनुयायी विनोबा यांनी पुढे ‘ख्रिस्तधर्म-सार’ संकलित केले. म्हणजे आस्पेरेनच्या त्या फुटक्या बर्फापासून आपल्या अंगणापर्यंत एक वाट येते, आणि ती वाट कोणत्याही एका धर्माच्या मालकीची राहिलेली नाही.

आज जगात युद्धे चालू आहेत, आणि प्रत्येक युद्धापूर्वी शत्रूला मनुष्य म्हणणे बंद करण्याची तयारी करून घेतली जाते. तो कीड असतो, विष असतो, रोग असतो. ही तयारी आपल्या गावांतही चालते, आणि तिच्या विरुद्ध करावयाची तयारी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सभागृहात होणार नाही. बांधावरून तीन पिढ्या कोर्टकचेऱ्या करणाऱ्या भावकीत, एकमेकांच्या मयताला न जाणाऱ्या शेजाऱ्यांत, जात आणि धर्म पाहून अफवेवर विश्वास ठेवणाऱ्या आपल्या मनात ती व्हावयाची आहे. ज्याला शत्रुप्रेमाची आज्ञा खरी वाटते त्याने मोठ्या शत्रूची वाट पाहत बसू नये. ज्याच्याशी अबोला आहे त्याच्या घरी आजारपण आले असता डबा पोहोचवावा. ज्याच्याविरुद्ध दावा लावला आहे त्याच्याविषयी खोटे बोलू नये. ज्याचा राग येतो त्याच्या मुलांचे भले व्हावे असे रोज एकदा तरी मनाशी म्हणावे, आणि मन तयार नसले तरी म्हणावे. भावना मागाहून येईल. कदाचित यायला वर्षे लागतील. पण ज्याने हा अभ्यास आपल्या दारापासून केला नाही, त्याचे पाऊल ऐन संकटाच्या वेळी मागे वळेल अशी आशा धरणे व्यर्थ आहे. आणि ज्याने तो केला, त्याच्या हातून काय घडू शकते याला इतिहास साक्षी आहे.